प्रवेशाच्या पुढची लढाई : डॉ. मेघनाद साहा

१९५६ हे साल म्हटले की आपल्या समाजाला दोन तारखा आठवतात, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर. त्याच सालच्या १६ फेब्रुवारीला दिल्लीत एक खासदार नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे निघाले होते. रस्त्यातच हृदयविकाराने ते कोसळले आणि संपले. डॉ. मेघनाद साहा हे त्यांचे नाव. ताऱ्यांचे तापमान आणि त्यांच्या वर्णपटातील रेषा यांचा हिशेब मांडणारे ‘साहा समीकरण’ आजही जगभरच्या विद्यापीठांत शिकवले जाते. आकाशवाणीवर रोज ‘भारतीय सौर’ म्हणून जी तारीख सांगितली जाते, ती दिनदर्शिका ज्या समितीने तयार केली तिचे अध्यक्षही साहाच होते.

हे सारे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सापडते. पण शुंडी जातीतला, खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा विज्ञानाच्या वर्गात पोहोचला कसा आणि मुख्य म्हणजे तिथे टिकला कसा, हे मात्र कोणी सांगत नाही. आज आपल्या मुलामुलींना विज्ञान शाखेत प्रवेश मिळतो. पण ती किती जण पदवी, पदव्युत्तर आणि पीएच.डी. पर्यंत तग धरतात, हा प्रश्न उभा आहे. म्हणूनच साहांचे चरित्र आपण या एका बाजूने वाचले पाहिजे.

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ चा, म्हणजे बाबासाहेबांहून ते अडीच वर्षांनी लहान. गाव ढाक्याजवळचे शेवडातली, आज बांगलादेशात. वडील जगन्नाथ, आई भुवनेश्वरी. आठ भावंडांतले हे पाचवे. शुंडी ही मद्यविक्रीशी जोडली गेलेली जात. बंगालच्या उतरंडीत तिच्या हातचे पाणी उच्चवर्णीय घेत नसत. घरी वादळी पावसात जन्मलेल्या या मुलाचे नाव मेघनाथ ठेवले होते आणि पुढे त्यांनी ते मेघनाद, म्हणजे रावणाच्या पुत्राचे नाव, असे करून घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

गावात फक्त प्राथमिक शाळा होती. मुलाने दुकानावर बसावे असा वडिलांचा विचार. पुढची शाळा सुमारे दहा किलोमीटरवर शिमुलिया गावी. रोज जाणे-येणे अशक्य आणि तिथे राहण्याचा खर्च परवडणारा नाही. शिक्षण इथेच संपायचे. पण थोरला भाऊ जयनाथ धडपडला. त्याने शिमुलियातल्या अनंतकुमार दास या डॉक्टरांना गाठले आणि त्यांनी मुलाला आपल्या घरी फुकट ठेवून घेण्याचे कबूल केले. अट अशी की मुलाने घरची गाय सांभाळायची आणि स्वतःचे उष्टे ताट स्वतः घासायचे. गाय सांभाळणे हे कष्ट झाले. ताटाची अट मात्र जातीची होती. माणूस दयाळू आणि तरीही जात सुटलेली नाही, हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. पोराने अट पाळली आणि मिडल स्कूलच्या परीक्षेत ढाका जिल्ह्यात पहिला आला. त्याला महिना चार रुपयांची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली.

१९०५ साली मेघनाद ढाक्याच्या सरकारी कॉलेजिएट स्कूलमध्ये दाखल झाला. चार रुपये शिष्यवृत्तीचे, शिवाय फी माफ. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली आणि आंदोलन पेटले. लेफ्टनंट गव्हर्नर फुलर शाळेच्या भेटीला आले तेव्हा मुलांनी निषेध केला. निषेध करणाऱ्यांना शाळेतून काढण्यात आले. मेघनाद त्यांतलाच. शाळा गेली, फी माफी गेली, शिष्यवृत्तीही गेली. खात्यापित्या घरच्या मुलाला अशा शिक्षेने एखादे वर्ष वाया जाण्यापलीकडे फारसे काही होत नाही. गरिबाच्या मुलाचे मात्र आयुष्यच मागे फिरते.

इथेही तुटलेला दोर कोणीतरी धरला. किशोरीलाल जुबिली स्कूल या खासगी शाळेने त्याला घेतले. ताग कंपनीत महिना वीस रुपयांवर काम करणारा जयनाथ त्यातले पाच रुपये भावाला पाठवू लागला. पूर्व बंग वैश्य समिती नावाच्या एका संस्थेने महिना दोन रुपये दिले. पाच आणि दोन मिळून सात रुपये. या सात रुपयांवर भारताचा एक जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ उभा राहिला. १९०९ च्या प्रवेश परीक्षेत तो पूर्व बंगालच्या विद्यार्थ्यांत पहिला आला.

ढाका कॉलेजात इंटर सायन्स करून १९११ साली साहा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पोहोचले. शिक्षक कोण, तर जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र रे. वर्गमित्र सत्येंद्रनाथ बोस. देशातले सर्वोत्तम म्हणावे असे हे विज्ञान महाविद्यालय. गुणवत्तेच्या जोरावर प्रवेश मिळाला होता, त्यात कोणाचीही मेहेरबानी नव्हती. मग राहायला ईडन हिंदू हॉस्टेल मिळाले आणि तिथे गुणवत्ता संपली, जात सुरू झाली. काही उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी साहांसोबत एका पंगतीत जेवायला नकार दिला. सरस्वती पूजेच्या वेळी त्यांना दूर ठेवण्यात आले. विद्येच्या देवीची पूजा आणि विद्येत पहिल्या रांगेत असलेल्याला तिथे मज्जाव! पुढे साहांनी ते वसतिगृह सोडले आणि कॉलेज स्ट्रीटवरच्या एका मेसमध्ये मित्रांबरोबर बिऱ्हाड केले. त्यांत जातपात न मानणारे मित्रही होते, हे आपण नोंदवले पाहिजे.

जे लोक विचारतात की प्रवेश मिळाला, आता काय अडचण आहे, त्यांनी या प्रसंगाकडे पाहावे. साहांना गणित कठीण गेले नाही. भौतिकशास्त्र कठीण गेले नाही. कठीण गेले ते जेवण. विद्यार्थी वर्गात चार-पाच तास असतो. उरलेला दिवस तो वसतिगृहात, मेसमध्ये, ग्रंथालयात, मित्रांच्या घोळक्यात काढतो. अवघड उदाहरण तिथेच सुटते. जुन्या प्रश्नपत्रिका तिथेच हातात पडतात. कोणत्या प्राध्यापकाकडे कोणते काम चालले आहे, कुठली शिष्यवृत्ती निघाली आहे, हे तिथेच कळते. पंगतीतून उठवलेला विद्यार्थी या सगळ्यातून उठवला जातो. आणि विज्ञानाचे शिक्षण एकट्याने पुरे करण्याची गोष्ट नाही. प्रयोगशाळेत जोडीदार लागतो, उपकरण मिळायला ओळख लागते, प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही लागते.

१९१३ साली बी.एस्सी. आणि १९१५ साली एम.एस्सी., दोन्ही वेळा साहा गणितात दुसरे आले. पहिले सत्येंद्रनाथ बोस. साहांना सरकारी वित्त सेवेच्या परीक्षेला बसायचे होते, पण क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून ती वाट बंद झाली. मग शहराच्या दोन टोकांना सायकलवर फिरून त्यांनी शिकवण्या केल्या. त्यांतून स्वतःचे पोट भरायचे आणि शिकायला आलेल्या धाकट्या भावाचेही भागवायचे.

१९१६ साली आशुतोष मुखर्जींनी कलकत्ता विद्यापीठाचे नवे विज्ञान महाविद्यालय उभे केले. पैसा तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी दिलेला. मुखर्जींनी तिथे साहा आणि बोस या दोन कोवळ्या पोरांना व्याख्याते म्हणून घेतले. दोघेही गणिताचे. भौतिकशास्त्र शिकवता शिकवता ते स्वतः शिकले. साहांना जर्मन येत होते. दोघांनी मिळून आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील निबंधांचा इंग्रजी अनुवाद केला आणि विद्यापीठाने तो १९२० मध्ये छापला.

याच काळातली एक गोष्ट प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी. १९१७ मध्ये साहांनी प्रकाशाच्या दाबावरचा एक मोठा निबंध अमेरिकेतल्या अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नलला पाठवला. छपाईच्या खर्चाचा वाटा उचलाल तर छापू, असे उत्तर आले. तेवढे पैसे या व्याख्यात्याकडे नव्हते. निबंध कलकत्त्याच्याच विद्यापीठीय नियतकालिकात आला आणि जगाच्या नजरेआड राहिला. शोध लावला तरी तो जगापुढे नेण्यासाठी पैसा लागतो. आजचा संशोधक शुल्क भरून परिषदेला जातो किंवा पैशाअभावी जात नाही, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा घडते.

साहा थांबले नाहीत. १९२० साली त्यांचा उष्मीय आयनीभवनाचा सिद्धांत फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये प्रसिद्ध झाला. सोप्या भाषेत सांगायचे तर, फार तापमानाला अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटतात आणि दाब कमी असेल तर ते आणखी सहज सुटतात. किती अणूंचे असे विघटन झाले असेल याचे गणित साहांनी मांडले. त्यामुळे ताऱ्याच्या प्रकाशातील रेषा पाहून त्याचे तापमान आणि घटक सांगता येऊ लागले. त्याच सुमारास त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली होती. मुंबईचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, त्याच कापूस व्यापाऱ्याने कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या देणगीची ही शिष्यवृत्ती. तिच्या बळावर साहा लंडनला आल्फ्रेड फाउलर यांच्या आणि बर्लिनला वाल्टर नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत जाऊन आले.

या समीकरणाची पुढची कहाणीही आपल्या कामाची आहे. सेसिलिया पेन ही इंग्लंडमधली तरुणी केंब्रिजला शिकली. त्या काळी केंब्रिज स्त्रियांना शिकवत असे, पण पदवी देत नसे. १९४८ पर्यंत दिली नाही. पेन अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत गेली आणि साहांचे समीकरण वापरून १९२५ च्या प्रबंधात तिने दाखवले की तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे बनलेले आहेत. तिला हार्वर्डमध्ये पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १९५६ साली. एका दाराबाहेर ठेवलेल्याने किल्ली घडवली आणि दुसऱ्या दाराबाहेर ठेवलेलीने ती वापरली. वेगवेगळ्या घरांतली माणसे विज्ञानात आली तर विज्ञानाचे नुकसान होते, की फायदा? गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

साहा १९२१ मध्ये कलकत्त्यात प्राध्यापक झाले आणि १९२३ ते १९३८ अशी पंधरा वर्षे त्यांनी अलाहाबाद विद्यापीठात काढली. १९२७ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. अलाहाबादेत त्यांनी भौतिकशास्त्र विभाग उभा केला आणि विद्यार्थ्यांसाठी उष्णताशास्त्राचे पाठ्यपुस्तक सहकाऱ्याबरोबर लिहिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे आणि १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष झालेले दौलतसिंह कोठारी हे तिथलेच त्यांचे विद्यार्थी. कलकत्त्याला परतल्यावर त्यांनी एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात अणुकेंद्रीय भौतिकी आणली आणि १९५० मध्ये अणुकेंद्रीय भौतिकीची संस्था सुरू केली, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९४८-४९ च्या राधाकृष्णन विद्यापीठ शिक्षण आयोगाचेही ते सभासद होते.

सारे काही वेदांत आधीच आहे, असे म्हणणाऱ्यांशी १९३९ च्या सुमारास त्यांनी बंगाली नियतकालिकातून जाहीर वाद घातला. प्राचीन ग्रंथ वाचून, त्यांतले खगोलशास्त्र तपासून, मुद्देसूद उत्तर दिले. १९४३ च्या दामोदर महापुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत ते होते. नदीचे पाणी आणि वीज यांचे एकत्रित नियोजन व्हावे, असा त्यांचा आग्रह. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली १९४५ मध्ये कलकत्त्यात दामोदर प्रकल्पाच्या परिषदा झाल्या. एका नदीच्या कामात असे हे दोघे एकाच दिशेने गेले. १९५२ साली साहा कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले.

आता या आयुष्याचा हिशेब मांडू. साहा किती वेळा शिक्षणातून बाहेर फेकले जाण्याच्या बेतात होते? गावची शाळा संपली तेव्हा, शिष्यवृत्ती गेली तेव्हा, पंगतीतून उठवले गेले तेव्हा, नोकरीची वाट बंद झाली तेव्हा. प्रत्येक वेळी कोणीतरी आडवे आले. डॉक्टरच्या घरचे जेवण, भावाचे पाच रुपये, समितीचे दोन रुपये, मेसमधले मित्र, मुखर्जींची नेमणूक. यांतली एक कडी निसटली असती तर ते समीकरण साहांच्या नावावर नसते. आणि या कड्या बहुतेक योगायोगाच्या होत्या. व्यवस्थेने त्यांना चार रुपये दिले आणि तेही काढून घेतले. साहांच्या घरी निदान एक दुकान होते, कमावता भाऊ होता. ज्यांच्या घरी हेही नव्हते, त्यांच्यातले किती साहा गाय सांभाळतानाच संपले असतील? साहा टिकले म्हणून व्यवस्था चांगली होती असे म्हणता येत नाही. विद्यापीठाचे काम एवढेच की साहांना जे नशिबाने मिळाले ते प्रत्येक विद्यार्थ्याला नियमाने मिळावे.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या स्वतंत्रपणे मागितल्या. हे शिक्षण महागडे, आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे आणि समाजाला वर काढणारे, हे त्यांनी जाणले होते. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात करताना त्यांनी याच मुलांचा विचार केला.

आज चित्र काय आहे? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या आकडेवारीनुसार, त्याआधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम यांतून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून १३,६२६ विद्यार्थी बाहेर पडले. यांत अनुसूचित जातीचे ३,६८० आणि जमातीचे ३,१२१. विद्यार्थ्यांसमोर अनेक पर्याय असतात, ते दुसरीकडे जातात, असे सरकारचे म्हणणे. काही जण जातही असतील. पण कोण पर्याय निवडून गेला आणि कोण घुसमटून गेला, हे कोणी विचारले का? २००७ साली प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधला जो अहवाल दिला, त्यात वसतिगृह, मेस, खेळाचे मैदान आणि प्रात्यक्षिक परीक्षा या सर्व ठिकाणी भेदभावाच्या तक्रारी नोंदवल्या आहेत. ईडन हिंदू हॉस्टेल आणि हा अहवाल यांच्यात शतकभराचे अंतर आहे. पंगत तीच आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक विज्ञान विभागाने किती विद्यार्थी घेतले, त्यांतले किती उत्तीर्ण होऊन बाहेर पडले आणि किती मधेच गेले, हे प्रवर्गनिहाय दरवर्षी जाहीर करावे. जागा भरल्या एवढे सांगून भागणार नाही. भारत सरकारची शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर नको, वर्षाच्या सुरुवातीला हवी. कारण मेसचे बिल दर महिन्याला येते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला बी.एस्सी.च्या पहिल्या सत्रात इंग्रजी परिभाषेशी जुळवून घेण्यासाठी वर्ग हवेत आणि ते सर्वांना खुले हवेत, नाहीतर तिथेही शिक्का बसतो. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत एकाच परीक्षकाच्या मर्जीवर गुण नकोत. संशोधनाला मार्गदर्शक मिळत नाही म्हणून कोणाचे वर्ष जाता कामा नये. प्राध्यापकांच्या राखीव जागा भरल्या पाहिजेत, कारण समोर आपल्यासारखा माणूस फळ्यावर समीकरण लिहिताना दिसला की मुलाचा अर्धा भार हलका होतो.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. पूर्व बंग वैश्य समिती काही फार मोठी संस्था नव्हती. तिने एका शाळकरी मुलाला महिना दोन रुपये दिले. आपल्या वस्त्यांत जयंती मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत, विहारे आहेत, नोकरदारांच्या संघटना आहेत. एप्रिलमध्ये डीजेवर किती खर्च होतो हे आपल्याला माहीत आहे. त्यातला एक हिस्सा बाजूला काढून प्रत्येक मंडळाने विज्ञान शाखेतल्या एका मुलाची किंवा मुलीची मेस चालवावी, पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत. शहरात स्थिरावलेल्या आपल्या प्राध्यापकांनी, अभियंत्यांनी, डॉक्टरांनी एका विद्यार्थ्याला आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. त्याला आपल्या घरी जेवायला बोलवावे. आणि त्याचे ताट आपल्या ताटांबरोबरच घासले जावे.